समुद्रसपाटीचा आकडा

ला पाझच्या विद्यापीठात, तळमजल्यावर,
मंगळवारी सकाळी आठला, अंगावरचे कोट न काढता
आम्ही दोऱ्याला एक गोळी बांधली.
पितळेची, लिंबाएवढी,
आमच्या आधीच्या कितीतरी बोटांनी गुळगुळीत केलेली.
दोरा बरोबर एक मीटर. म्हणजे विल्मा म्हणाली बरोबर;
मी म्हणालो, गोळीच्या मध्यापर्यंत धरायचा की नुसत्या गाठीपर्यंत?
यात दहा मिनिटं गेली.

घड्याळ तिच्याकडे, मोजणं माझ्याकडे.
पहिल्याच फेरीत मी गोळी सोडली आणि म्हणालो, एक.
"एक कुठनं? अजून काही झालंच नाही.
शून्य म्हण."
अठरा वर्षांत मला कोणी
शून्यापासून मोजायला लावलं नव्हतं.
आमच्या घरी बटाट्याची पोती मोजतात, ती एकपासून.

वीस हेलकाव्यांना चाळीस सेकंद आणि वर थोडं.
त्या थोड्यातच सगळी भानगड:
एकतीस शतांश, मग आठ, बावीस, सतरा,
पुन्हा बावीस आलं तेव्हा जवळजवळ टाळ्याच वाजवल्या.
एकच दोरा, एकच गोळी.
कधी खिडकीच्या फटीतला वारा, कधी विल्माचा अंगठा,
रात्रभर आत्याच्या दुकानात लोकर गुंडाळून सुजलेला.

गणित केलं. नऊ पूर्णांक सत्त्याहत्तर शतांश.
पुस्तकात एक्याऐंशी,
जाड ठशात, चौकटीत.
शेजारच्या टेबलावर फ्रेडी काल्लेचं एक्याऐंशी आलं होतं,
अगदी तेच,
आणि तो शीळ घालत सामान आवरत होता.

तेव्हा आम्ही ते केलं.
नवं पान, नवा तक्ता.
एकतीसचे तीन केले, एका बावीसचे दहा.
मी मुद्दाम गिचमिड लिहायला गेलो,
घाईत मोजल्यासारखं दिसावं म्हणून,
तरी आकडे कसे ओळीत, टापटीप उतरले.
खोटं लिहिताना माझं अक्षर सुधारतं,
हे त्या दिवशी कळलं.

पानाखालच्या कार्बनची आठवण
दोघांनाही झाली नाही.

पुढच्या मंगळवारी निल्दा आपासा बाईंनी
दोन निळी पानं शेजारी शेजारी ठेवली.
रागावल्या नाहीत. विचारलं,
"हे एक्याऐंशी कुठनं आणलंत?"
पुस्तकातनं.
"आणि पुस्तक कुठलं?"
छापखान्याचं गाव आम्ही कधी वाचलंच नव्हतं.
"तिथं समुद्र आहे. आपल्याकडे आहे का?"
वर्ग हसला, आणि हसू मध्येच थांबलं,
समुद्राचं नाव निघालं की आमच्या देशात थांबतं तसं.
"छत्तीसशे मीटरवर राहतो आपण.
इथं पृथ्वीची मूठ जराशी सैल असते.
सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर, एवढंच ती ओढते.
तुमच्या हाती लागलं होतं, पोरांनो. पुसून टाकलंत."

फ्रेडी टेबलाखाली काहीतरी शोधू लागला.

मला वाटलं, आता बरे गुण पडणार.
विसापैकी सहा पडले.
"आणि छाती फुगवू नका," बाई म्हणाल्या,
"सत्त्याहत्तरच्या पुढं अधिक-उणे किती, ते कुठाय?
हिचा अंगठा किती चुकतो ते लिहा आधी.
त्याशिवाय आकडा अर्धाच."
विल्मानं अंगठा मुठीत लपवला.

संध्याकाळी रोपवेनं एल आल्तोला परतताना
वारा सुटला आणि तार थांबली.
खाली विटांची घरं, छपरांवर वाळत घातलेली धुणी.
समोरच्या बाईनं मांडीवरची कोंबडी घट्ट धरली
आणि काच आपल्याच तोंडाला घाबरल्यासारखी धुरकटली.
आम्ही हलत होतो, इकडे, तिकडे,
दोरा किती लांब ते माहीत नाही,
गोळीत आठ माणसं आणि एक पक्षी.

विल्मानं फोन काढला, अंगठ्यावर फुंकर घातली,
माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, शून्य.